कुंदाची चूक लिहून ठेवा

मधुकरचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी गॅस सिलिंडरवाल्याशी वाद घालत होते. "शीलाताई... ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मधुकर म्हणजे कुंदाचा धाकटा भाऊ. मी फोन कानाला लावून सिलिंडरवाल्याकडे नुसती बघत राहिले. त्याला वाटलं, बाई अजून चिडलेली आहे. तो बिचारा मुकाट्याने सिलिंडर आत ठेवून निघून गेला. सिलिंडरचं सील स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, हे मला कुंदानेच शिकवलं होतं. त्या दिवशी कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी न बघता घेतलं.

आदल्या दुपारी मी धंतोलीतल्या दवाखान्यात तिच्याजवळच बसले होते. तिची मूत्रपिंडं थकली होती. ती आयुष्यभर विषारी रसायनांच्या आसपास वावरली म्हणून असं झालं, असं आता पुष्कळ लोक गंभीर चेहऱ्याने सांगतात. तसं काहीही नव्हतं. तिला साखरेचा आजार होता आणि गोड सुटत नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती. त्या दुपारी तिला धड बोलवत नव्हतं, तरी तिने मनगटावरची दवाखान्याची पट्टी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "नंबर वाच. मनात नको वाचू, मोठ्यानं वाच." मी वाचला. मग तिने पायाशी लटकवलेला कागद मागितला आणि त्यावरचाही वाचायला लावला. "जुळला वं बाप्पा, झोप आता," मी म्हटलं. "जुळला म्हंते तं जुळला," ती म्हणाली आणि डोळे मिटले. हे आमचं शेवटचं बोलणं. त्यात भावपूर्ण असं काहीच नाही, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या कामावर तिने आयुष्य घातलं, तेच ती शेवटपर्यंत करत होती.

मग शोकसभा झाली. एका वाचनालयाचं सभागृह, हार घातलेला फोटो, खुर्च्या बऱ्यापैकी भरलेल्या. एक वक्ते उठले. कुंदाला ते दोनदा भेटले असतील. त्यांनी तिला विश्वशांतीची दूत केलं, करुणेची मूर्ती केलं आणि शेवटी हात उंचावून सांगितलं की इतक्या वर्षांच्या सेवेत या नागपूरच्या लेकीच्या हातून एकही चूक झाली नाही. पुढच्या रांगेत बसलेली मी गप्प राहिले. उठून म्हणायला हवं होतं की हे खोटं आहे, आणि ज्या बाईबद्दल बोलता आहात तिला हे अजिबात खपलं नसतं. पण शोकसभेत कोण असं बोलतं? सगळ्यांबरोबर मी दोन मिनिटं उभी राहिले आणि दोन्ही मिनिटं माझे कान तापलेले होते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य छापूनही आलं. म्हणून हे लिहिते आहे. कुंदाच्या हातून चूक झाली होती. चांगली घसघशीत, देशादेशांत पत्रव्यवहार व्हावा एवढी चूक. तिला ती लपवता आली असती, पण तिने लपवली नाही. माझ्या मैत्रिणीची सगळी थोरवी त्यातच आहे, आणि तीच कुणी पुसून टाकत असेल तर मी ऐकून घेणार नाही.

आमची ओळख कॉलेजातली, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. मी नागपुरातल्याच इंदोऱ्याची. माझ्या आजीआजोबांनी छप्पन सालच्या त्या दसऱ्याला दीक्षा घेतलेली, आणि आमच्या घरात वाद घालणं हे जेवणाइतकंच नेहमीचं. ती तांडापेठेची, विणकराची मुलगी. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईने मला कान तुटलेल्या वेगळ्या कपात चहा दिला. मी काही बोलणार तोच कुंदाने तो कप माझ्या हातातून घेतला, स्वतः प्यायली आणि आपला मला दिला. पुढे कितीतरी दिवस ती घरात त्याच कपातून चहा पीत राहिली. शेवटी आईच कंटाळली आणि तिने तो कप फेकून दिला. भाषण नाही, भांडण नाही. पकडलं की सोडायचं नाही, हा तिचा स्वभाव.

घरात पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून विणायला बसत आणि कुंदा शाळेत असल्यापासून सुताच्या कांड्या भरत असे. अभ्यास करता करताही तिचा एक डोळा ताण्यावर, मागाच्या उभ्या धाग्यांवर असायचा. कुठे धागा तुटला की पुस्तक तसंच टाकून ती उठायची, दोन टोकं बोटांत धरायची आणि काय व्हायचं ते मला कधीच नीट दिसलं नाही, पण धागा जोडलेला असायचा. गाठ इतकी बारीक की फणीतून सहज सरकून जाई. मी एकदा विचारलं, "मले शिकव ना." ती म्हणाली, "शिकवता येत नाही वं. मलेच मालूम नाही मी काय करतो." बाबा मागावरून हसले. "तुटलेला धागा दिसला अन् हात गेला नाही, तं तो विणकराचा हात कायचा?" हे वाक्य पुढे तिला केवढ्याला पडणार होतं, हे तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणालाही कळायचं कारण नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. ती एका सरकारी प्रयोगशाळेत लागली आणि तिथून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, रासायनिक शस्त्रं नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेत निरीक्षक म्हणून निवडली गेली. नाव मोठं, काम मात्र तिच्याच शब्दांत सांगायचं तर "मोजायचं, बांधायचं अन् उभं राहून पाहायचं". करारात आलेल्या देशांनी कबूल करायचं की आमच्या गोदामांत इतकं विष आहे. मग कुंदासारख्या लोकांनी तिथे जाऊन ते खरंच तेवढं आहे का ते मोजायचं, प्रत्येक पिंपाला क्रमांकाची चकती दोरीने बांधायची आणि शेवटचं पिंप नष्ट होईपर्यंत हलायचं नाही. अंगावर रबरी पोशाख, तोंडावर मुखवटा, आत घामाच्या धारा. सुट्टीवर आली की गल्लीतल्या बाया विचारायच्या, "बंदूक देतेत का तुले?" ती सांगायची, "पेन देतेत. तोबी चालत नाही, मी आपलाच नेतो."

एकदा ती अशीच सुट्टीवर असताना आपल्या देशाच्या अणुचाचण्या झाल्या. गल्लीत फटाके फुटले, पेढे वाटले. मी खाल्ला. लपवायचं कशाला, दोन खाल्ले. कुंदाने डबा परत केला आणि पेढे घेऊन आलेल्याला शांतपणे म्हणाली, "बाळ झालं का कोनाकडे? मंग काहून वाटता?" दोन दिवस गल्ली तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिच्याशी भांडले. मोठे देश स्वतः बॉम्ब उराशी धरून बसलेत आणि आपल्याला उपदेश करतात, ही दादागिरी नाही का? ती म्हणाली, "हाव, हाये. शंभर टक्के हाये. ज्याच्याकडे हाये त्यानं ठेवावं अन् दुसऱ्यानं मागू नये, हा कोनता न्याय? पन त्यांच्या दादागिरीवर आपन पेढे खावे, हा इलाज कोनी सांगतला तुले?"  याचं पूर्ण उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही, आणि मी शिक्षिका असून हे कबूल करते आहे.

आता ती चूक. देशाचं नाव तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. उन्हाने तापलेला प्रदेश, लांबच लांब पत्र्याची गोदामं, आत ओळीने लोखंडी पिंपं. नियम असा की चकतीची दोरी तुटलेली दिसली तर हात लावायचा नाही. सोबत्याला बोलवायचं, फोटो काढायचा, लिहायचं. दोरी घासून तुटली की कुणी पिंप उघडून काही काढलं, हे आधी ठरवायचं. कुंदा तिसऱ्या रांगेत होती. सोबती चार पिंपं पुढे, पाठमोरा. एका पिंपाची दोरी तुटून दोन टोकं लोंबत होती... आणि पुढचं तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तिने खाली पाहिलं तेव्हा तिच्या जाड हातमोज्यांतल्या बोटांनी दोरी जोडलेली होती. बाबांची गाठ. आधी जोड होता हेही ओळखू येऊ नये अशी.

"शीले, म्या पहिले सोबत्याकडे पाहिलं," तिने मला पुढे कधीतरी सांगितलं होतं. "दहा सेकंद उभी राहिली मी तिथं. सोबत्यानं पाहिलं नव्हतं. गाठ कोनाच्या बापाले दिसली नसती. म्या म्हटलं, कुंदे, आता या गोदामात एकच मानूस खोटा हाये, अन् तो तू हायेस."

बाहेर येऊन मुखवटा काढल्याबरोबर तिने पथकप्रमुखाला सांगितलं. तो भला माणूस होता. थकलेला होता आणि सगळ्यांना घरी जायचं होतं. त्याने विचारलं, कुणी पाहिलं? नाही. मग नवी दोरी बांधू, पुढे जाऊ. कुंदा म्हणाली, नाही, लिहावं लागेल. आणि तिने स्वतःच लिहिलं: अमुक रांगेतल्या अमुक पिंपाची दोरी मला तुटलेली दिसली, ती मी सवयीने जोडली, त्यामुळे आधी ती कशी तुटली होती हे आता सांगता येणार नाही. खाली सही. त्या एका कागदाने सगळी मोजणी रद्द झाली. पुन्हा पहिल्या पिंपापासून वजनं, पुन्हा नमुने, पुन्हा ते रबरी पोशाख त्या उन्हात. जेवायच्या टेबलावर पथकातली माणसं तिच्याशी बोलेनाशी झाली. यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. तुमचे निरीक्षकच खुणांशी खेळतात, असं पत्र त्यांनी वरपर्यंत पाठवलं. कुंदाला क्षेत्रकामावरून काढून मुख्यालयात टेबलावर बसवलं. दोन वर्षं ती दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासत होती.

आणि फेरमोजणीत काय निघालं? काहीच नाही. एकूण एक पिंप जागच्या जागी, वजन बरोबर, दोरी पत्र्याला घासूनच तुटली असावी. तिच्यावर हसणाऱ्यांना आणखी जोर आला. मी सुद्धा म्हटलं, "पाह्य, गप्प राहिली असती तं काय बिघडलं असतं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली केली. "आता मले मालूम हाये का बरोबर हाये. तवा नुसतं वाटत होतं. वाटन्यावर कोनी आपली हत्यारं खाली ठेवत नाही शीले. तू ठेवशील?"

सगळ्यात अवघड गेलं ते बाबांना सांगणं. त्या सुट्टीत मी तिच्यासोबत होते. तोवर माग बंद झाला होता, खड्ड्यावर फळ्या टाकून त्यावर खाट ठेवलेली. मधुकरने गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना आधी कळेचना की तुटलेलं जोडणं हा गुन्हा कसा होऊ शकतो. "मंग काय तुटलेलंच सोडून द्याचं? असं कसं काम तुहं?" कुंदाने पुन्हा समजावलं. मग ते आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "माहा हात लागला तुले, पोरी." त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुंदा खाटेवरून उठली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि आवाज चढवून म्हणाली, "बाबा, हात माहा होता. सही माही हाये. तुमचं नाव मी कोठंच लिहिलं नाही, अन् तुमी बी लावून घेऊ नका." ती रागावून बोलत होती आणि रडत होती. कुंदाला रडताना मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

दोन वर्षांनी ती पुन्हा क्षेत्रकामावर गेली. कसं, ते तिने कधी फुगवून सांगितलं नाही. एका पाहणीआधी निरीक्षकांच्या नावांची यादी यजमान देशाकडे गेली, तेव्हा तिथल्या कुणीतरी म्हटलं म्हणे, ही बाई येऊ दे, ही स्वतःविरुद्धही लिहिते. मी हे तिच्या तोंडून एकदाच ऐकलं. त्यावर मी काही कौतुकाचं बोलणार, तर म्हणाली, "दुसरे लिहीत नाहीत म्हनून माहं कौतुक. त्याच्यात आनंद काय?"

निवृत्त होऊन ती नागपुरात परतली. मी तिला माझ्या जुन्या कॉलेजात मुलांशी बोलायला नेलं. कामठीहून रोज बसने येणाऱ्या एका मुलीने उठून थेट विचारलं, "मॅडम, एवढे करार झाले तरी रोज कुठे ना कुठे बॉम्ब पडूनच राहिले. मग तुमचा उपयोग काय झाला?" आमचे प्राचार्य अस्वस्थ झाले. कुंदा मात्र खूश झाली. म्हणाली, "जे पिंप मी माझ्या डोळ्यांदेखत नष्ट होताना पाहिलं, ते आता कोणावर पडणार नाही. बाकीची पडतील, कदाचित. म्हणून काय तेही ठेवायचं होतं?" मुलगी बसली नाही. "पण बाकीच्यांचं काय?" तिने पुन्हा विचारलं. कुंदा म्हणाली, "ते तू मोजशील. आणि नाही मोजलंस तर निदान 'उपयोग नाही' असं म्हणू नकोस, कारण नेमकं तेच ऐकायची पुष्कळ लोक वाट पाहतायत." आज बातम्यांत करार मोडल्याचं ऐकते, कुणीतरी छाती फुगवून आम्ही कोणाला मोजू देणार नाही म्हणताना बघते, तेव्हा मला संताप येतो. निराश मात्र मी होणार नाही. कुंदाच्या मैत्रिणीला ती चैन परवडत नाही.

तिच्या घरात एक स्टीलचा डबा होता. त्यात गोड असायचं, आणि कुलूप म्हणून त्याच्या कडीला पांढरा दोरा आणि क्रमांकाची चकती बांधलेली असायची. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्याचा उपयोग होईना, म्हणून तिने स्वतःशीच करार केला आणि निरीक्षक म्हणून मला नेमलं. दर रविवारी मी जायची, दोरा बघायची, लाडू मोजायची आणि शेजारी खिळ्याला टांगलेल्या वहीत लिहून सही करायची. मधल्या दिवसांत दोरा तुटला तर नोंद ती स्वतः करायची. ती वही वाचून मी किती हसले आहे! "दोरा तोडला. रव्याचा एक. कारण: पाहुणे आले. पाहुण्यांनी खाल्ला नाही. कुंदा." "दोरा तोडला. दोन. कारण काही नाही. कुंदा." मी रागावले की म्हणायची, "लिवलं ना? मंग? लपवलं असतं तं बोलली असती."

शोकसभेनंतरच्या रविवारी मधुकरसोबत मी तिचं घर आवरायला गेले. सवयीने आधी स्वयंपाकघरात गेले. डब्याचा दोरा तुटलेला होता. दोन टोकं कडीला लोंबत होती. वही काढली. शेवटची नोंद माझीच, ती दवाखान्यात जाण्याआधीच्या रविवारची: दोरा शाबूत, लाडू अकरा. त्यानंतर तिला दवाखान्यात न्यावं लागलं ते मंगळवारी, घाईघाईत. तिची नोंद नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हती. मी डबा उघडून मोजले. नऊ.

 मला ती गाठ येत नाही, पण साधी गाठ कुणालाही येते. माझा हात खरंच दोऱ्याकडे गेला. तिची एवढी एक नोंद राहून गेली, ती आपण झाकावी, असं मनापासून वाटलं... मधुकर मागे उभा होता. त्याचेही डोळे भरलेले. म्हणाला, "बांधून टाका ना ताई. कोन पाहून राहिलं आता?"

मी हात मागे घेतला. पेन तिचाच होता, वहीला दोरीने बांधलेला. उभ्यानेच लिहिलं: "दोरा तुटलेला आढळला. नोंद नव्हती. जोडला नाही. लाडू नऊ, दोन कमी. शीला." मग मधुकरला मोठ्याने वाचून दाखवलं आणि वही खिळ्याला परत लावली.